जुना ऊलाँग, जालन्याच्या फडताळात

यंत्रं बघायला चीनला गेलेले स्टील कारखानदार, तैवानी कंपनीत नोकरी करणारा भाचा, नाहीतर ऑनलाइन मागवणारी हौशी सून. यांच्यापैकी कुणाच्या तरी हातून एखाद दिवशी चहाचा डबा घरी येतो. डब्यावर चिनी अक्षरं, आत वाटाण्याएवढ्या काळपट गोळ्या. आणणारा कौतुकाने सांगतो, वीस वर्षं जुना आहे म्हणून महाग मिळाला. त्यावर घरातल्या आजीचा प्रश्न ठरलेला: "जुना म्हणून स्वस्त द्यायचा की महाग?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायच्या आत पातेल्यात दूध, साखर, आलं पडतं, वरून चमचाभर गोळ्या पडतात, दोन उकळ्या येतात आणि सगळ्यांचं एकमत होतं की यापेक्षा आपला दोनशे ग्रॅमचा पुडा बरा. डबा फडताळात मागे सरकतो. तो डबा पुढे कसा ओढावा, आणि मुळात असा डबा विकत घ्यावा का, एवढ्यापुरतंच हे लिखाण.

आजीच्या प्रश्नाला आधी उत्तर देऊ. चहा नुसता जुना झाला म्हणून महाग होऊ नये. चांगला भाजलेला, कोरडा ठेवलेला आणि मुळातच चांगला असलेला ऊलाँग जुना झाला तर त्याला भाव आहे. यातली एक अट जरी सुटली तरी तो नुसता शिळा चहा. विकणारे नेमकं वयच सांगतात, कारण बाकीच्या गोष्टी सांगायला त्यांच्याकडे बहुधा नसतात.

चहा सगळा एकाच झाडाच्या पानांचा. पान खुडल्यावर त्याला हवा किती लागू द्यायची, यावर पुढचं ठरतं. हिरव्या चहात पान लवकर तापवून तो बदल सुरुवातीलाच थांबवतात. आपल्या रोजच्या चहात तो पुरता होऊ देतात, आणि १९३०च्या सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्रातून पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे करतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. पानं उन्हात कोमेजू देतात, मग बांबूच्या मोठाल्या सुपांत थांबत थांबत हलवत राहतात. कडा ठेचल्या जाऊन तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो. मनाजोगता वास सुटला की पान तापवून तिथेच थांबवतात, वळतात, वाळवतात. एखादा ऊलाँग जेमतेम पंधरा टक्के बदललेला असतो, एखादा सत्तर टक्क्यांपर्यंत. त्यामुळे ऊलाँग म्हटलं की एकच चव डोळ्यांसमोर आणू नये.

मुरवायच्या दृष्टीने यापुढची पायरी महत्त्वाची आहे, ती म्हणजे भाजणी. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरातला खडकाळ जमिनीवरचा चहा, त्याच प्रांतातल्या आनशीचा जुन्या पद्धतीचा थिएक्वानयिन, तैवानच्या नानथौ जिल्ह्यातला तुंगतिंग, तैपेईतल्या मूचा भागातला थिएक्वानयिन, हे सगळे परंपरेने कोळशाच्या मंद निखाऱ्यावर किंवा हल्ली विजेच्या भट्टीत तासन् तास भाजले जातात. भाजल्याने पानातला ओलावा तीन ते पाच टक्क्यांवर येतो आणि कच्चा हिरवा वास जातो. असं पान वर्षानुवर्षं टिकतं. याउलट हल्ली लोकप्रिय असलेला उंच डोंगरावरचा हिरवट, फुलांच्या वासाचा तैवानी ऊलाँग कमी भाजलेला असतो. तो ताजा असताना फार सुरेख लागतो, पण जुना झाला की त्याचा वास नुसता उडून जातो आणि मागे वाळलेल्या गवतासारखं काहीतरी उरतं. तो आला तर वर्षाच्या आत पिऊन संपवावा, साठवणीच्या फंदात पडू नये.

चहा बरणीत वर्षानुवर्षं मुरतो तेव्हा होतं काय? पान हळूहळू बदलत राहतं. तोंड आवळून टाकणारे कॅटेचिन गटातले पदार्थ कमी होतात, गॅलिक आम्ल वाढतं, भाजणीचा करपट वास उतरतो, रंग तांबूस होत जातो. कॅफीन मात्र बहुतेक तसंच राहतं. म्हणून जुना चहा झोपेच्या आड येत नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. ताज्या भाजलेल्या ऊलाँगमध्ये 'आग' असते असं चिनी चहावाले म्हणतात, आणि ती उतरायला वेळ द्यायची त्यांची रीत जुनी आहे. सतराव्या शतकात फूच्येनमध्ये अधिकारी असलेल्या चौ ल्यांगकुंगने तिथल्या चहावर कविता केल्या. त्यांत ठेवून गडद झालेल्या चहाला तिप्पट भाव येतो आणि घरोघर लोक तो मिरवत विकतात, असा उल्लेख आहे. म्हणजे 'जुना म्हणून महाग' हा धंदा साडेतीनशे वर्षांचा तरी आहे, आणि त्यातली फसवाफसवीही बहुधा तेवढीच जुनी.

तैवानची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात कुणी काही ठरवून मुरवलेलं नाही. जॉन डॉड नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने ली छुनशेंग या भागीदाराबरोबर १८६९मध्ये 'फोर्मोसा ऊलाँग' थेट न्यूयॉर्कला पाठवला, तेव्हापासून तिथला चहा मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकासाठी पिकत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती निर्यात घटली, घरच्याच लोकांनी चहा प्यावा म्हणून स्पर्धा सुरू झाल्या, आणि पुढे लोकांची आवड हिरवट, हलक्या भाजणीच्या चहाकडे वळली. जुन्या पद्धतीचा भाजलेला माल पडून राहिला. शेतकऱ्यांच्या घरात, दुकानांच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यांत तो विसरला गेला. वीस-तीस वर्षांनी कुणीतरी झाकण उघडलं तेव्हा कळलं की काही डब्यांत सोनं झालंय. 'काही' हा शब्द महत्त्वाचा. बाकीचे डबे सादळून गेले होते, आणि त्यांच्याबद्दल अर्थातच कुणी लिहीत नाही.

आता चव. दुधाच्या चहाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घोटात हा चहा फिका वाटेल, ते धरूनच चालावं. चांगल्या जुन्या ऊलाँगचा रंग स्वच्छ तांबूस-मधासारखा असतो, गढूळ नसतो. वासात जुनं लाकूड, सुकलेलं आलुबुखार, थोडी खारीक, कधी औषधी मुळ्यांच्या दुकानातला वास. तुरटपणा जवळपास नाही. घोट गिळल्यावर मिनिटभराने घशात गोडवा परत येतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. चहाचे शौकीन त्या रेंगाळण्याचेच पैसे मोजतात. पिताना घाई असेल तर हे सगळं निसटतं. जालन्याच्या मामा चौकात उभ्याने घ्यायचा चहा वेगळा आणि हा वेगळा, आणि पहिल्याचं काम दुसऱ्याकडून होणार नाही. पाहुण्यांना दुधाचाच चहा हवा असेल तर त्यांना तो करून द्यावा. जुन्या ऊलाँगमध्ये दूध घालून दोन्हींचा अपमान करू नये.

जुना ऊलाँग पहिल्यांदा विकत घेताना पंचवीस ग्रॅमच्या वर घेऊ नका. विक्रेता पंचवीस ग्रॅम देत नसेल तर दुसरा बघा. त्याला चार प्रश्न विचारा: कुठला, कोणत्या सालचा, एवढी वर्षं कुठे ठेवला होता, आणि शेवटचा कधी भाजला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळेच देतात. तिसऱ्याला जो अडखळतो त्याच्याकडून सालाची खात्री धरू नये. 'किती वर्षं म्हणजे जुना' यावर व्यापाऱ्यांचं एकमत नाही. कुणी पाच वर्षांना जुना म्हणतो, कुणी वीसच्या आत बोलत नाही. तैवानच्या लूकू गावातल्या शेतकरी संघाच्या स्पर्धा १९७०च्या दशकापासून चालू आहेत, आणि स्पर्धेतल्या चहाचे डबे साल आणि दर्जा लिहून मोहोरबंद विकले जातात. असा न फोडलेला डबा मिळाला तर निदान सालाबद्दल बोलायला आधार आहे. सुट्या मालाला तो नाही.

माल हातात आल्यावर खरी परीक्षा. एक रिकामा कप कढत पाण्याने विसळून गरम करा, पाणी फेकून त्यात चिमूटभर कोरडी पानं टाका, बशी झाकून हलवा आणि अर्ध्या मिनिटाने नाक घाला. गोडसर, लाकडी वास आला तर ठीक. नुसताच कोळशाचा, करपट वास आला तर समजा की दोन-तीन वर्षांचा साधा चहा जोरात भाजून त्याचं 'वय वाढवलेलं' आहे. हा सगळ्यात जास्त चालणारा खोटेपणा. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर तो दमट जागी पडून होता. पुढची खूण वापरलेल्या पानात सापडते. खरा मुरलेला चहा चार-पाच पाण्यांनंतर गडद तपकिरी झाला तरी उलगडतो, पान मऊ असतं, बोटांत धरून पसरता येतं. जाळून म्हातारा केलेला चहा उलगडतच नाही. शेवटपर्यंत खड्यासारखा टणक राहतो. चवीत आंबटपणा जाणवला तर एक तर ओलावा शिरला, किंवा ओलावा शिरल्यावर वरवर भाजून झाकला. थोडी आलुबुखारासारखी आंबटगोड झाक चालते, जिभेच्या कडेला चावणारा आंबटपणा चालत नाही. पांढरी बुरशी दिसली तर कितीही महाग असो, फेकून द्या. भाजून बुरशीचा चहा सुधारत नाही.

पाण्याशिवाय या गावात चहाचं बोलणं पुरं होत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्यात कोरा चहा केला की वर पातळ तवंग धरतो आणि कपाच्या कडेला तपकिरी वर्तुळ उमटतं, हे जालन्यात कुणाला सांगायला नको. दुधाच्या चहात ते खपून जातं, ऊलाँगमध्ये नाही. जड पाणी त्याचा वास दाबून टाकतं. म्हणून लोक आरओ वापरतात आणि दुसऱ्या टोकाला जातात, कारण आरओचं पाणी कधी कधी इतकं मोकळं असतं की चहा पोकळ लागतो. माझा सल्ला असा: नळाचं पाणी, मग ते जायकवाडी धरणातून आलेलं असो की घाणेवाडी तलावाचं, खळखळून उकळून निवू द्या, तळाशी बसलेला पांढरा गाळ सोडून वरचं घ्या आणि त्यात आरओचं पाणी मिसळा. प्रमाण घरच्या पाण्यावर ठरेल. टीडीएस मोजायची पेनसारखी काडी स्वस्त मिळते, ती शंभरच्या आसपास दाखवेल एवढं मिसळा. जारचं पाणी मागवत असाल तर तेही एकदा मोजून बघा, कारण प्रत्येक जारवाल्याचं वेगळं निघतं.

हिरव्या चहाला ऐंशी अंशांचं पाणी लागतं, म्हणून पुष्कळ जण ऊलाँगलाही कमी तापलेलं पाणी घालतात. जुन्या ऊलाँगला ते चालत नाही, त्याला उकळतंच पाणी हवं. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या जरा वरच उकळतं. तेवढं पुरेसं आहे. उकळी फुटली की लगेच ओता, खाली उतरवून वाट पाहत बसू नका.

भांडं लहान घ्या. चिनी लोक शंभर-सव्वाशे मिलिलिटरची झाकणाची वाटी किंवा मातीची छोटी किटली वापरतात. ती नसली तर चिनी मातीचा साधा छोटा कप आणि त्यावर बसेल अशी बशी, सोबत एक गाळणी, इतक्यावर काम भागतं. स्टीलचा पेला टाळा, तो फार लवकर निवतो. शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम पानं घ्या. वळलेल्या गोळ्या असतील तर साधारण दोन सपाट चमचे भरतात. वूयीच्या लांबट पानांचा चमच्याने अंदाज येत नाही, त्यांना काटाच लागतो. भांडं गरम करा, पानं टाका, कढत पाणी ओता आणि दहा सेकंदांत ते पहिलं पाणी फेकून द्या. धूळ जाते आणि पानं जागी होतात.

दुसऱ्या पाण्यापासून प्यायला सुरुवात. पहिल्या कपाला अर्धा मिनिट. या वेळी झाकण उघडून बघितलं तर गोळ्या अजून बंदच दिसतील, फक्त एखादी कडेने सुटलेली. दुसऱ्या कपाला तेवढाच वेळ ठेवा. आता गोळ्या फुगून भांडं निम्मं भरतं आणि रंग एकदम गडद उतरतो. तिसऱ्या-चौथ्याला पान देठासकट पूर्ण मोकळं होतं, दोन-तीन पानं एकाच काडीला लागलेली दिसतात, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नाक लावलं तर गूळ आटवतानासारखा वास येतो. सगळ्यात चांगला कप साधारण इथे मिळतो. यापुढे दर कपाला दहा-वीस सेकंद वाढवत जा. सात-आठ कप सहज निघतात. शेवटी चव पाणचट झाली की पानं फेकू नका. पातेल्यात दीड कप पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. ताजा चहा असा उकळला तर कडू विष होतो, जुना ऊलाँग मात्र या उकळीत अजून एक दाट, गोडसर कप देतो. पाच ग्रॅममध्ये दोन माणसांची सकाळ निघते, हा हिशेब धरला की किंमत ऐकून पहिल्यासारखी छातीत धडकी भरत नाही.

साठवणीकडे वळताना जालनेकरांना मी कमी लेखणार नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि या गावात बियाण्याच्या गोदामात काम केलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. बी कसं टिकतं हे त्यांना विचारा, जुना चहा कसा टिकतो ते आपोआप कळेल: आधी नीट सुकवा, मग हवाबंद करा, मग थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, आणि याच क्रमाने. ओलावा एक टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, असा त्या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. चहात एवढा नेमका हिशेब नाही, पण रोख तोच.

आपलं हवामान या कामाला आठ महिने सोयीचं आणि चार महिने वैरी आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा बरणी कितीही वेळा उघडा, काही बिघडत नाही. मार्च-एप्रिलपासून पारा चढतो आणि चाळिशी ओलांडतो; तेव्हा ओलाव्याची भीती नाही, पण उष्णतेने वास उडतो. मृग लागला की मात्र बरणी बंद करायची ती दसऱ्यापर्यंत उघडायची नाही. पावसाळ्यात प्यायचा चहा आधीच छोट्या डबीत काढून ठेवा आणि मोठ्या बरणीला हात लावू नका. जुन्या ऊलाँगचं सर्वांत जास्त नुकसान पावसाळ्यात दिवसाआड उघडलेल्या झाकणाने होतं.

बरणी कोणती? चिनी मातीची, आतून झिलई दिलेली उत्तम, पण लोणच्याची रिकामी बरणी नको, कितीही घासली तरी. चहा आजूबाजूचा वास शोषतो, आणि मोहरी-हिंगाचा वास घेतलेला ऊलाँग कुणी पिऊ शकत नाही. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, तो इथे पुरत नाही, कारण कापडातून हवा खेळते. चहा जाड चांदीच्या रंगाच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड चिमट्याने बंद करा आणि ती पिशवी बरणीत किंवा दुहेरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. बरणी शिगोशीग भरलेली असावी. अर्धी रिकामी झाली की लहान बरणीत हलवा. सिलिका जेलची पुडी पावसाळ्यापुरती टाकायला माझी हरकत नाही. चहा मुरायला थोडी हवा लागते असं मानणारे ती टाळतात, पण ते दमट तैवानचं बोलतात की कोरड्या घराचं, हे आधी विचारावं.

जागा निवडताना फ्रिज पहिला बाद. बाहेर काढताच पानांवर दव धरतं आणि त्यात कालच्या भाजीचा वास असतो. स्वयंपाकघरातलं ओट्यावरचं कपाट बाद, देवघराजवळचं बाद, कारण कापूर आणि उदबत्ती चहाला लागतात. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात, तेही बाद. वरचा माळा आणि गच्चीवरची पत्र्याची खोली उन्हाळ्यात तापते. उरतं ते मधल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण. जुन्या वाड्यांत जाड भिंतींच्या आतल्या खोल्या उन्हाळ्यात गार असतात, पण भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर बरणी भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

चहा सादळला की नाही हे जिभेपेक्षा काटा लवकर सांगतो. बंद पिशवीचं वजन दिवाळीत करून पिशवीवर लिहा. पुढच्या वर्षी न उघडता पुन्हा करा. शंभर ग्रॅमचे एकशे तीन झाले असतील तर तीन ग्रॅम पाणी आत शिरलं, आणि ते जास्त आहे. अशा वेळीच पुन्हा भाजायचा विचार करावा. ओटीजी असेल तर ऐंशी-नव्वद अंशांवर, स्टीलच्या ताटात पातळ पसरून, दार बोटभर उघडं ठेवून तासभर. वास करपट व्हायला लागला की थांबा. ताट पूर्ण गार झाल्यावरच पिशवी बंद करा आणि पंधरा दिवस पिऊ नका. कढईत परतू नका, खालची पानं जळतात आणि वरची तशीच राहतात. दरवर्षी नेमाने भाजलाच पाहिजे असं काही विक्रेते सांगतात. मला ते पटत नाही. कोरड्या राहिलेल्या चहाला प्रत्येक भाजणी थोडा थोडा एकसुरी करत जाते.

स्वतः मुरवायची हौस असेल तर नवा, मध्यम ते कडक भाजलेला तुंगतिंग किंवा वूयीचा चहा घ्या, तोही दोन-तीनशे ग्रॅम. मूठभर चहा मुरवता येत नाही, उघडझाकीतच संपतो. दार्जिलिंगच्या गोपालधारासारख्या मळ्यांतून आणि निलगिरीतूनही ऊलाँग मिळतो, स्वस्त पडतो आणि ओळख करून घ्यायला चांगला आहे. पण दार्जिलिंगचा बराचसा माल हलका भाजलेला असतो, त्याच्याकडून दहा वर्षांची अपेक्षा ठेवू नका. किराणा दुकानातला सीटीसीचा पुडा तर मुरतच नाही. बारीक दाण्याला सगळीकडून हवा लागते आणि तो फक्त मिळमिळीत होतो. जालन्यात मोसंबी भरपूर, म्हणून एक शंका नेहमी येते: चीनच्या शिनहुई भागात संत्र्याच्या जातीच्या फळाची साल वर्षानुवर्षं मुरवून चहात घालतात, तसं मोसंबीच्या सालीचं करावं का? ती साल वेगळ्या फळाची असते. मोसंबीची साल वाळवून चहात टाकायला हरकत नाही, पण ती ऊलाँगच्या बरणीत ठेवू नका, आठवड्यात सगळी बरणी मोसंबीची होईल.

तब्येतीच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. वजन उतरतं, साखर ताब्यात येते, हे डब्यावर छापलेलं वाचून पैसे देऊ नका. रिकाम्या पोटी हा चहा ताज्या हिरव्या चहापेक्षा सौम्य वाटतो, हा पिणाऱ्यांचा अनुभव आहे, त्याहून मोठा दावा करायचं कारण नाही. रक्त कमी असलेल्यांनी, विशेषतः लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी, जेवणाच्या किंवा गोळीच्या आगेमागे तासभर तरी कोणताही चहा टाळावा, कारण चहातले घटक अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. हा नियम दुधाच्या चहालाही लागू आहे. आणि संध्याकाळी सहानंतर सात-आठ कप घेतले तर रात्री छताकडे बघत पडावं लागेल.

शेवटचं काम पेन-चिकटपट्टीचं. बरणीवर साल, गाव, घेतल्याची तारीख, वजन आणि शेवटची भाजणी लिहा. दोन वर्षांनी यातलं काही आठवत नाही. दर दिवाळीनंतर एकदाच पाच ग्रॅम काढून, तेच पाणी, तेच भांडं, तोच वेळ ठेवून प्या आणि दोन ओळी लिहून ठेवा: रंग, वास, आंबटपणा, घशातला गोडवा. जोवर दरवर्षीचा कप आदल्या वर्षीपेक्षा बरा लागतोय तोवर बाकीचा राखून ठेवा. ज्या वर्षी तो उतरलेला लागेल, त्या हिवाळ्यात माणसं बोलवा आणि बरणी रिकामी करा.